वॉरंटीतल्या एटीव्हीला बाहेरचा ऑइल फिल्टर लावताय? या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा, काटोल, उमरेडकडच्या फार्महाउसवर, संत्र्याच्या बागांत आणि रिसॉर्टवर एटीव्ही, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, आता नवलाची राहिलेली नाही. प्रश्न उभा राहतो तो ऑइल बदलायच्या वेळी. कंपनीचा फिल्टर मागवायचा तर थांबावं लागतं, आणि हुबेहूब तसाच दिसणारा स्वस्त फिल्टर दुकानदार काउंटरवर काढून ठेवतो. "लावा ना भाऊ बिनधास्त, काही होत नाही." शोरूममध्ये विचारलं तर उत्तर याच्या उलट: "बाहेरचा लावला की वॉरंटी गेली." दोघंही आपापल्या सोयीचं तेवढं सांगतात. क्लेम अडकतो तो दोन कारणांनी. एक, न जुळणाऱ्या फिल्टरनं खरंच इंजिनाचं नुकसान होतं. दोन, फिल्टर बरोबर असूनही तो कोणता होता आणि कधी बदलला, हे मालकाला दाखवता येत नाही.

यूट्यूबवरचा कायदा इथल्या काउंटरवर सांगणे

"कंपनी असं करूच शकत नाही, कायदा आहे" हे वाक्य ज्या व्हिडिओतून येतं, तो बहुधा अमेरिकेतला असतो. तिथे १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. ठरावीक ब्रँडचाच पार्ट वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट घालायला तो सहसा मनाई करतो. तो कायदा तिथल्या ग्राहकासाठी आहे. नागपुरात त्याचं नाव घेतलं तर सर्व्हिस मॅनेजर नुसता हसेल.

आपल्याकडे बोट दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. सुटे पार्ट आणि दुरुस्तीवरच्या निर्बंधांबद्दल आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. ग्राहक बाहेरच्या मेकॅनिककडे गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या सदोष कामानंच नुकसान झालं असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, असंही त्यात सांगितलं होतं. पुढे कंपन्या अपिलात आणि कोर्टात गेल्या, आणि मुळात तो आदेश कारबद्दल होता. म्हणून तो हुकमी पत्ता समजू नका. पण त्यातला मुद्दा क्लेमच्या वेळी लेखी विचारण्याजोगा आहे: बिघाड आणि फिल्टर यांचा संबंध काय, ते दाखवा.

वॉरंटी पुस्तिका मात्र आधी वाचा, आणि दोन अटी वेगळ्या ओळखा. "पार्ट कंपनीचाच हवा" ही एक. "ठरलेली सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच हवी" ही दुसरी. लोक पहिलीवर वाद घालत बसतात आणि दुसरी मोडून मोकळे होतात. इथल्या पुस्तिकांत दुसरी अट बहुतेकदा असतेच. गावात ऑइल बदललं, सर्व्हिस कूपन तसंच राहिलं, तर क्लेम तिथेच अडतो, फिल्टर कोणता होता हा प्रश्नच कुणी काढत नाही.

आटे बसले म्हणजे फिल्टर जुळला असं मानणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २० मिलिमीटर व्यासाचे, १.५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) आटे कितीतरी मोटरसायकलींच्या आणि लहान कारच्या फिल्टरना असतात. हातानं फिरवला, बसला, गळत नाही, झालं! आत काय आहे, ते दिसतच नाही.

आत पहिली गोष्ट म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. फिल्टरचा कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं, तर दाब वाढून हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिन कोरडं चालण्यापेक्षा ते परवडलं. तो किती दाबाला उघडतो हे फिल्टरगणिक बदलतं, कुठे ८ पीएसआय (दाबाचं एकक) तर कुठे २० च्या वर. हव्या त्यापेक्षा लवकर उघडणारा असेल, तर इंजिनाला बराच वेळ न गाळलेलं ऑइल मिळतं. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच, म्हणजे मुख्य सांगाड्यातच असतो. अशा इंजिनाच्या फिल्टरमध्ये तो दिलेलाच नसतो, आणि तसा फिल्टर दुसऱ्या गाडीला लावला की बायपासची सोयच संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑइल परत उतरू न देणारा रबरी पडदा. फिल्टर आडवा बसत असेल तर याची फार गरज. पडदा स्वस्त रबराचा असला की उष्णतेनं कडक होतो, ऑइल रात्रीतून खाली उतरतं. सकाळी स्टार्टर मारला की दोन-चार सेकंद खडखड ऐकू येते आणि ऑइलचा दिवा उशिरा विझतो. नवा फिल्टर लावल्यानंतर ही खडखड सुरू झाली असेल, तर "गाडी गरम झाली की जाते" म्हणून सोडू नका. आधी ऑइलची पातळी बघा. ती बरोबर असेल तर फिल्टर बदला.

खोक्यावरच्या "२० मायक्रॉन" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या आकड्यालाही एकट्यानं अर्थ नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, हे सोबत हवं. निम्मे अडवणारा आणि ९८ टक्के अडवणारा, दोघंही २०च लिहू शकतात. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा उल्लेख आणि टक्केवारी देणारा निर्माता निवडा, आणि तुमच्या गाडीचं मॉडेल व वर्ष त्याच्या कॅटलॉगमध्ये छापलेलं असेल तरच घ्या. दुकानदाराच्या "हाच लागते"ला कॅटलॉग म्हणत नाहीत.

जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटलेली सोडणे

ही चूक ओरिजनल फिल्टर लावतानाही होते, पण बाहेरचा लावला असेल तर खापर त्याच्यावरच फुटतं. जुना फिल्टर गरम-गरम खोलला की कधी कधी त्याची रबर रिंग निघत नाही. ब्लॉकच्या कडेला काळ्या ऑइलमध्ये काळी रिंग, दिसतही नाही. त्यावर नवा फिल्टर चढतो, म्हणजे रबरावर रबर. गाडी उभी असताना एक थेंब गळत नाही. रेस वाढली, दाब चढला की वरची रिंग एका बाजूनं बाहेर सरकते आणि सगळं ऑइल मुरमावर.

म्हणून जुना फिल्टर हातात आला की आधी त्यावर रिंग आहे का बघायचं. मग ब्लॉकच्या कडेवरून कापड फिरवायचं आणि बोटानं चाचपायचं. नव्या रिंगेला ताज्या ऑइलचं बोट लावायचं. रबर टेकल्यावर फिल्टरवर छापलं असेल तेवढंच आवळायचं, बहुधा पाऊण फेरा, तोही हातानं. फिल्टर पाना खोलण्यासाठी असतो. आवळायला तोच वापरला की रिंग चेपते आणि पुढच्या वेळी फिल्टर निघत नाही.

लगेच गाडी काढू नका. फिल्टरखाली कोरडा पुठ्ठा ठेवा, इंजिन जागेवरच मिनिटभर चालू ठेवा, बंद करा, थोडं थांबा, मग सपाट जागी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. शेताच्या उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक खोटं सांगते.

कार्ट्रिज उलटा घालणे

काही एटीव्हींत फिल्टरचा पत्र्याचा डबा नसतो, कव्हरच्या आत नुसता कागदी कार्ट्रिज असतो. त्याची एक बाजू बंद असेल तर तो एकाच दिशेनं बसवायचा असतो. उलटा बसला की ऑइलचा रस्ताच अडतो आणि इंजिन जाम होऊ शकतं. होंडाच्या अशा फिल्टरवर बाहेरची बाजू छापलेली असते. बाहेरच्या कंपनीच्या फिल्टरवर ती खूण असेलच असं नाही. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, स्प्रिंग कुठल्या बाजूला होती तेही दिसू द्या. लहान मुलांच्या ११० सीसी गाड्यांत तर बऱ्याचदा फिल्टरच नसतो, फक्त जाळी असते. ती धुवायची. तिला "फिल्टर" विकणाऱ्यापासून सावध राहा.

फिल्टरसोबत ऑइलचा ग्रेडही बदलणे

एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की बिघाड कशानं झाला ते सांगता येत नाही, आणि वॉरंटीत याचा फायदा कंपनीला. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघून घ्या. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो.

दोन ऑइल बदलांमधलं अंतर किलोमीटरवर मोजू नका, अवर मीटरवर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर) मोजा. बागेत पहिल्या गिअरच्या वेगानं दिवसभर फिरणारी गाडी किलोमीटरनं फारशी चाललेली नसते, तासांनी असते. धूळ, चिखल, पाणी, सतत कमी वेग असा कठीण वापर असेल तर अंतर निम्मं करा, असं काही मॅन्युअल स्वच्छ सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात काळ्या मातीची धूळ. हा कठीण वापरच झाला.

कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानणे

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून घ्या. फिल्टर बदलताना अवर मीटरचा आणि खोक्याचा फोटो काढा. जुना फिल्टर तारीख टाकून पिशवीत पुढच्या बदलापर्यंत ठेवा. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. "ओरिजनल" म्हणून मिळालेला डुप्लिकेट ही वेगळीच भानगड. छपाई अस्पष्ट, रिंग खोबणीत सैल, पार्ट नंबर नुसता चिकटवलेला, असं दिसलं तर परत करा. माझं विचाराल तर डुप्लिकेट ओरिजनलपेक्षा नाव सांगून विकला जाणारा चांगला बाहेरचा फिल्टर कधीही बरा.

सगळा दोष ऑइल फिल्टरवर ढकलणे

धूर, कमी झालेली ताकद, घटणारं ऑइल ही लक्षणं दिसली की आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत, बोट फिरवून धूळ लागली तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जात आहेत. ऑइल फिल्टर कुठलाही असो, ते थांबवू शकत नाही. ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरलंय. नाल्यातून गाडी काढल्याचं आठवत असेलच.

क्लेम तोंडी नाकारला की परत येणे

नकार जॉब कार्डावर (वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर) लेखी मागा, कारणासकट. इंजिन खोलायचं असेल तर समोर खोलू द्या, आणि काढलेला ऑइल फिल्टरही समोर कापायला सांगा. कागदाच्या घड्यांत चमकणारा धातूचा चुरा असेल तर आत झीज झालीय. कागद फाटलेला किंवा कोलमडलेला असेल तर कंपनीचं म्हणणं खरं असू शकतं. दोन्ही अवस्थांचे फोटो घ्या.

तरी जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि गाडीसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. रिसॉर्टवाल्यांनी मात्र एक गोष्ट गाडी घेण्याआधीच बघावी. भाड्यानं फिरवण्यासाठी घेतलेली गाडी व्यावसायिक वापरात मोडते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूनं खरेदी करणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यापुरतं घेतलं असेल तरच सूट आहे. कंपन्यांच्या वॉरंटीतही भाड्याच्या वापराला बऱ्याचदा मुदत कमी असते किंवा वॉरंटीच नसते. ती ओळ डीलरकडून वाचून घ्या, आणि बिल कुठल्या नावानं बनतंय तेही त्याच वेळी ठरवा.