कुस्तीचे फोटो हलतात? कॅमेरा विकायला काढण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात संध्याकाळी कुस्ती लागते, पहिलवान भिडतात, आणि घरी येऊन बघावं तर निम्मे फोटो पुसट. मग निकाल ठरलेला: बॉडीच (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बेकार. निकॉन डी७५०० (२०१७) किंवा कॅनन ८०डी (२०१६) अशा मिडरेंज बॉडीवर हा आळ बहुतेक वेळा खोटाच असतो. पहिलीत ५१ फोकस पॉइंट आणि सेकंदाला ८ फोटो, दुसरीत ४५ पॉइंट आणि ७ फोटो. कुस्तीला एवढं पुरून उरतं.

आधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. पायाखालची तांबडी माती स्पष्ट आणि पहिलवान पुसट असतील, तर शटरचा वेग कमी पडलाय. मागच्या प्रेक्षकांचे चेहरे लख्ख असतील, तर फोकस चुकलाय. सगळंच एका बाजूला ओढलेलं दिसलं, तर हात हललाय.

शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा हळू नको, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तर बिनधास्त करा. दाणे दिसतील म्हणून लोक ८०० वरच अडून बसतात, हे मला कधी कळलं नाही. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला ढाक डाव नाही. आखाड्याजवळ जागा मिळणार असेल तर एफ १.८ ची ५० किंवा ८५ एमएम लेन्स न्या. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त) ती जवळपास दहापट उजेड घेते.

फोकस पॉइंट निवडायचं काम कॅमेऱ्यावर सोडलं की तो बऱ्याचदा जवळचं काहीतरी धरतो, म्हणजे नेमकी पंचांची पाठ. हलत्या माणसावर सतत फोकस धरून ठेवणारा मोड, म्हणजे निकॉनवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो लावा आणि एक पॉइंट किंवा छोटा झोन स्वतः निवडा. डी७५०० वर स्क्रीनकडे बघून कुस्ती टिपायला जाऊ नका, लाइव्ह व्ह्यूमधला (स्क्रीनवर बघून काढतानाचा) तिचा फोकस मंद आहे. ८०डी त्या बाबतीत बरीच चपळ.

सलग फोटोंत एक उजळ, पुढचा पिवळट? दोष दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेनूत फ्लिकर रिडक्शन चालू करा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उडत असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर गुलाल घेणं. एकच झूम लावून जा. तरी डाग आलेच तर तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. बॅटरी पूर्ण भरा, मेनूतून आरसा वर करा, कॅमेरा उलटा धरून रबरी ब्लोअर मारा. एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढला की उरलेले डाग कळतात.

एवढं करूनही ट्रायपॉडवर, स्थिर वस्तूवर फोकस दर वेळी पुढे-मागे पडत असेल, तर तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमधून काढा. तो स्पष्ट आला तर फोकसची ही चूक भरून काढणारी सेटिंग, म्हणजे निकॉनवर एएफ फाइन-ट्यून, कॅननवर एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट करून घ्या. सेकंडहँड बॉडी घेतानाही पैसे देण्याआधी ही तपासणी तिथल्या तिथे करा.