डागांवर भरतकाम करताना या चुका टाळा

जुन्या सुती साडीवर चहाच्या कपाचं तांबूस वर्तुळ असतं, टेबलक्लॉथवर आमटीचे शिंतोडे, कुठे विसरलेल्या टाचणीचा गंज. हातशिलाईच्या कलेत चित्राची सुरुवातच अशा डागांपासून करता येते. पण हात सवयीनं डागावर एखादं फूल भरायला जातो. डाग झाकला गेला की उरतं ते नुसतं भरतकाम. डाग दिसू द्या, टाका त्याच्या कडेनं न्या.

डाग कशाचा आहे हे न बघता सुई हातात घेणं ही त्याहून मोठी चूक.

हळदीचं घ्या. तिचा रंग उन्हात उडतो. खिडकीजवळ टांगलेल्या तुकड्यावरचा पिवळा फिका पडत जातो आणि त्या पिवळ्याच्या भरवशावर बेतलेलं काम उघडं पडतं. म्हणून डाग ताजा असतानाच एकेरी दोऱ्यानं त्याच्या कडेला बारीक धावदोरा घालून घ्या. पुढे रंग उडाला तरी आकार राहतो. साबण लागून डाग लालसर झाला तर घाबरू नका, भरपूर पाण्यात खळबळला की तो पुन्हा पिवळ्याकडे येतो.

चहा वेगळा. तो वाळताना रंग बाहेरच्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे कड गडद आणि पोट फिकं राहतं. टाकेही तसेच हवेत: कडेला दाट, आत सुटे सुटे. आख्खं वर्तुळ एकसारखं भरलं तर डागाचा स्वभावच जातो. दूध-साखरेचा चहा असेल तर कापड आधी गार पाण्यातून काढा. साखर राहिली की मुंग्या आल्याच, आणि गरम पाण्यानं दूध धाग्यात घट्ट बसतं. चहाचा रंग तेवढ्यानं जात नाही.

गंजाला मात्र जपायला हवं. तो सूत खातो. डागाजवळ कापड हलकेच ताणून बघा. विरत असेल तर खाली मलमलीचा तुकडा ठेवून गोधडीसारखे दोन्ही थर आधी टाचून घ्या. टाका डागाच्या बाहेर, धड कापडात सुरू करा आणि धड कापडातच संपवा. गंजलेला आणि चहाचा तुकडा ओले असताना एकावर एक ठेवू नका, लोखंड आणि चहा मिळून काळा डाग पडतो.

चुण्या पडत असतील तर दोरा ओढला जातोय. चार-पाच टाक्यांनी कापड बोटांनी सपाट करत चला. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, तो पिंजतो आणि गुंततो. जुन्या मऊ सुतीला सहापदरी दोऱ्याचे एक-दोन पदर पुरतात. काम थांबवलं की कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग काढून ठेवा, नाहीतर तिचाच गोल वळ कापडावर बसतो.

लाल किंवा काळा दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. रंग सुटला तर तो दोरा बाजूला ठेवा, कारण टाके घालून झाल्यावर पसरलेला रंग डागासकट सगळं काम खातो.