लहान मुलांचा संधिवात ओळखताना शाळेतल्या नर्सनी या चुका टाळा

"दुखतंय का?" एवढं विचारून थांबणं, ही सगळ्यात मोठी चूक. बालवाडीतलं मूल "नाही" म्हणतं आणि पळतं. संधिवात झालेलं लहान मूल रडेलच असं नाही. ते दुखरा सांधा वापरणंच हळूहळू सोडून देतं. म्हणून विचारण्यापेक्षा बघा, आणि तेही सकाळी. प्रार्थनेला सगळी मुलं मांडी घालतात, तेव्हा हे एक पाय लांब करून बसतं का? शाळेत आल्यावर कठडा धरून एकेक पायरी चढतं आणि मधल्या सुट्टीत धावतं का? "नाटकं करतो" हा शेरा नेमका इथेच बसतो, आणि तो फार अन्यायाचा आहे. रात्रभर आखडलेला सांधा हालचालीनं मोकळा होतो, हीच तर या आजाराची खूण.

"वाढीचं वय आहे, पाय दुखणारच" हेही नको. वाढीच्या वयातलं दुखणं संध्याकाळी किंवा रात्री येतं, बहुधा दोन्ही पायांत. सकाळी मूल ठणठणीत असतं. त्यात सूज येत नाही, मूल लंगडत नाही.

तपासताना दोन्ही गुडघे उघडे करून शेजारी शेजारी बघा. वाटीच्या बाजूचा खळगा एकीकडे भरून आलाय का? हाताची पालथी बाजू लावा, एक गुडघा जास्त गरम लागतो का? लाली शोधू नका, ती सहसा नसते. सूज सहा आठवडे टिकणं ही डॉक्टरांची निदानाची अट आहे, तुमची वाट बघण्याची मुदत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल तेव्हा दाखवू, असंही म्हणू नका. ते शाळेत वर्षातून एकदा येतं.

ताप, एकच सांधा सुजलेला आणि मूल पाय टेकवत नाही, असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. सांध्यात पू झालेला असू शकतो. दुखण्यानं रात्री जाग येणं, फिकटपणा, अंगावर निळे डाग असतील तरी लगेच पाठवा. रक्ताचा कर्करोग नाही ना, हे आधी बघावं लागतं.

पालक "आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्तचाचणी) निगेटिव्ह आला" म्हणून निर्धास्त होतात. संधिवात असलेल्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच येतो. बालसंधिवाततज्ज्ञांकडे पाठवण्याचा आग्रह सोडू नका.

निदान झाल्यावर डोळे विसरू नका. या आजारात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजू शकतो आणि नजर जाऊ शकते. धोका जास्त असलेल्या मुलांची स्लिट लॅम्प तपासणी (डोळ्यांच्या डॉक्टरांकडे प्रकाशझोत आणि सूक्ष्मदर्शकानं डोळ्याच्या आत बघणं) साधारण दर तीन महिन्यांनी लागते. मुलाच्या आरोग्यपत्रकावर पुढची तारीख लिहून ठेवा.