गाणी आणि आठवणींची गाठ: ती कशी बसते आणि सैल होऊ नये म्हणून काय करायचं

साखरपा आलं की माझ्या वॉकमनचे सेल मान टाकायचे. पुणे-रत्नागिरी एसटी, आंबा घाट उतरून गाडी खाली आलेली, कानात मिलिंद इंगळेंचा 'गारवा' हा अल्बम, आणि आवाज हळूहळू जड व्हायला लागायचा, कारण सेल उतरले की मोटर हळू फिरते आणि अख्खं गाणंच सुरासकट खाली घसरतं. मी तसंच ऐकायचो, दुसरं करणार काय. पण त्याचा परिणाम असा झालाय की आज मोबाईलवर तीच गाणी लावली की मला वाटतं हे एवढ्या घाईत का गातायत. गाण्यात काही बिघाड नाहीये हो, माझ्या डोक्यातली कॉपी साखरप्याची आहे एवढंच.

तर असं कसं होतं, आणि मुख्य म्हणजे हे होऊन गेलेलं टिकवायचं कसं, यावर गेली काही वर्षं मी जरा जास्तच डोकं घातलंय (बायकोच्या मते गरजेपेक्षा जास्त) म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी हे समजून घ्या

खुंटीचं उदाहरण घ्या. एका खुंटीला एकच शर्ट असेल तर अंधारातही हाताला लागतो. त्याच खुंटीला दहा शर्ट अडकवले की सगळ्यात खालचा कुठला होता ते तुम्हालाच आठवत नाही. गाण्याचं अगदी असंच आहे. एखादं गाणं आयुष्यातल्या एकाच काळाशी, एकाच जागेशी जोडलेलं असेल तर ते लागल्याबरोबर ती जागा समोर उभी राहते. तेच गाणं तुम्ही नंतर जिममध्ये, गाडीत, भांडी घासताना, ऑफिसात असं सगळीकडे वाजवलं की ते नुसतं आवडतं गाणं उरतं, त्यातून कुठलीच एक आठवण वर येत नाही. मानसशास्त्रवाले पण हेच सांगतात, की एका खुणेला जितक्या जास्त गोष्टी बांधाल तितकी त्यातली प्रत्येक गोष्ट ओढून काढणं अवघड होतं.

म्हणजे आपण गंमत बघा कशी करतो, सगळ्यात आवडतं गाणं सगळ्यात जास्त वाजवतो आणि त्याची आठवण आपणच पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट वयाची. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर जास्त ठळक राहतात, आणि त्या वयात ऐकलेल्या संगीताचंही तसंच. म्हणून प्रत्येक पिढीला आपल्याच कॉलेजातली गाणी भारी वाटतात आणि नंतरचं सगळं टुकार. चाळिशीनंतर ही गाठ आपोआप बसत नाही असं नाही, पण जरा मुद्दाम बसवावी लागते.

तिसरं म्हणजे अल्बम आणि सुटं गाणं यात फरक आहे. सलग ऐकलेल्या अल्बममध्ये एक गाणं संपलं की पुढचं सुरू व्हायच्या आधीच ते डोक्यात वाजायला लागतं. मला तर ए साइड संपल्यावरचा तो खट् आवाज आणि कॅसेट उलटी करायची ती पाच सेकंदं पण पाठ आहेत. शफल लावून, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने, ऐकलं की ही साखळी तयारच होत नाही. त्यामुळे शफल बंद, हा पहिला नियम धरा.

नवीन अल्बमची गाठ बांधायची असेल तर

एक अल्बम आणि एक जागा. जागा म्हणजे खरी जागाच पाहिजे असं नाही, एखादा प्रवास, एखादा ऋतू, बाळंतपणाचे दोन महिने, नव्या शहरातली पहिली भाड्याची खोली, काहीही चालेल पण ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असं काहीतरी. त्या काळात तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता, आठ-दहा वेळा ऐका. एखादं गाणं आवडलं नाही तरी पुढे ढकलू नका, नावडत्या गाण्यालाच पुष्कळदा सगळ्यात घट्ट काहीतरी चिकटतं. मला 'गारवा'तल्या गाण्यांइतकंच मधलं कवी सौमित्रचं कवितावाचन आठवतं, तेव्हा मला ते मध्ये मध्ये येतंय असं वाटायचं, आणि आता तेच ऐकलं की खिडकीच्या गजाचा गार लोखंडी वास येतो.

काळ संपला की अल्बम बाजूला. खरंच बाजूला, प्लेलिस्टमधून काढायचा. मी फोनमध्ये 'कुलूप' नावाची एक प्लेलिस्ट केलीय, त्यात असे अल्बम ढकलतो आणि वर्षातून एकदा, फार तर दोनदा लावतो. पहिले सहा महिने हात शिवशिवतात, मग सवय होते.

एक मात्र लक्षात ठेवा, स्ट्रीमिंगवरचं गाणं तुमचं नसतं. करार संपला की गाणं यादीत करडं होऊन बसतं, वाजत नाही, नाहीतर जुन्या ध्वनिमुद्रणाच्या जागी नवीन चकचकीत केलेलं येतं आणि ते वेगळं वाजतं. ज्या पाच-सहा अल्बमवर जीव आहे ते विकत घेऊन फाइल स्वतःकडे ठेवा.

मैफलीचं काय

इथे मी जरा पसरणार आहे, कारण अल्बम परत ऐकता येतो, मैफल परत येत नाही.

माझी पहिली मोठी मैफल म्हणजे सवाई गंधर्व. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला महोत्सव, पुण्यात डिसेंबरमध्ये होतो हे सांगायची गरज नाही. मी गेलो तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर होता आणि रात्रभर चालायचा. काका घेऊन गेला होता. सतरंजी, दोन शाली, थर्मास, आणि काकाच्या खिशात बँकेची फुकट मिळालेली छोटी डायरी. प्रत्येक कलाकार बसला की काका त्यात लिहायचा: कोण, राग कोणता, तबल्याला कोण, पेटीला कोण, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं. मला तेव्हा हसू यायचं, म्हटलं हा काय हजेरी घेतोय का.

आता रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद या नियमामुळे ते रात्रीचं जागरण गेलंच, जागाही रमणबागेवरून मुकुंदनगरला गेली, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की मी वीस वर्षं सगळ्यांना छातीठोक सांगत होतो की त्या पहिल्या रात्री काकाच्या शेजारी बसून मी मारवा राग ऐकला आणि अंगावर काटा आला. काका गेल्यावर त्याच्या डायऱ्या माझ्याकडे आल्या. उघडून बघतो तर त्या रात्री मारवा कुणी गायलेलाच नाही, पूरिया होता. आता मारवा आणि पूरियाचे सूर तेच, चलन (सुरांची चाल) वेगळं, त्यामुळे कच्च्या कानाला फसायला जागा होती असं मी स्वतःला समजावलं. मारवा पुढच्या वर्षीच्या पानावर सापडला, आणि त्या पानावर काकाने लिहिलंय 'एकटाच, कुणी आलं नाही'. म्हणजे मारव्याला मी नव्हतोच! काकाने नंतर रंगवून सांगितलं असणार आणि मी स्वतःला त्याच्या शेजारी नेऊन बसवलं.

म्हणून सांगतो, संगीताने आठवण ठसठशीत होते, खरी होतेच असं नाही. खरी ठेवायची असेल तर लिहावं लागतं. माझी पद्धत अशी:

मैफल संपली की परतीच्या वाटेवर दुसरं काही ऐकायचं नाही. रिक्षात रेडिओ चालू असेल तर बंद करायला सांगा, पुण्यातले रिक्षावाले ऐकतील न ऐकतील. घरी पोचायच्या आधी फोनवर पाच मिनिटं व्हॉइस नोट करा, वाक्यं नीट नको, जे येईल ते बडबडा. त्यात गाण्याबद्दल कमी आणि आजूबाजूचं जास्त असू द्या, कारण काय गायलं ते कुठेतरी सापडतं, पण समोरच्या आजोबांनी तिहाईला (तीनदा घेऊन समेवर येणाऱ्या तुकड्याला) एवढी मान हलवली की त्यांची कानटोपी पडली हे कुठेच सापडणार नाही. सोबत कोण होतं, काय खाल्लं, पाय कधी बधीर झाले, कुठल्या क्षणी कंटाळा आला. कंटाळा तर नक्की लिहा. नुसतं 'अप्रतिम, अविस्मरणीय' लिहिलेली पानं माझ्याकडे आहेत आणि त्यावरून मला ओ की ठो आठवत नाही.

फोनवर शूट करायचं का? एक मिनिट करा आणि फोन खिशात ठेवा. लिंडा हेंकेल या संशोधिकेने संग्रहालयात प्रयोग केला होता, तो 2014 साली छापून आला, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला तर तेवढं नुकसान झालं नाही, कारण तिथे लक्ष द्यावं लागतं. म्हणून मी स्टेजचा व्हिडिओ करतच नाही, काहीतरी छोटंसं टिपतो, काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग वगैरे.

तिकीट जपता ना? मग हे वाचाच. हल्लीची बरीच तिकिटं पावतीसारख्या थर्मल कागदावर छापलेली असतात, दोन-चार वर्षांत कोरी होतात. लगेच स्कॅन करा किंवा झेरॉक्स काढा आणि मागे पेन्सिलीने तारीख लिहा. आणि कृपा करून गरम लॅमिनेशन करू नका, तो कागद उष्णतेनेच काळा होतो, माझं एक तिकीट असं डांबरासारखं होऊन परत आलंय.

जुन्या कॉन्सर्टची तारीखच आठवत नसेल तर बँकेचा मेसेज, तिकिटाचा ईमेल, त्या दिवशीचे फोटो असं उलटं शोधत जा. मोठ्या बँडचं सोपं असतं, म्हणजे कोल्डप्ले नवी मुंबईत डीवाय पाटील स्टेडियमला 2025 च्या जानेवारीत 18, 19 आणि 21 ला वाजले, त्यातला तुमचा दिवस कुठला तेवढं कळलं की गाण्यांची यादी सेटलिस्ट डॉट एफएमवर मिळते. यादी बघायच्या आधी मात्र आठवतंय ते कागदावर लिहून घ्या, एकदा यादी वाचली की सगळंच आठवतंय असं वाटायला लागतं.

नको असलेली गाठ सोडवायची असेल तर

बाबा आयसीयूत होते तेव्हा तीन आठवडे गाडीत एकच सीडी अडकून पडली होती. नंतर तो गायकच ऐकवेना. इथे खुंटीचा नियम उलटा वापरायचा. तीच सीडी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी, लोकांत, स्वयंपाक करताना, दिवाळीची साफसफाई करताना वाजवत राहायची, शर्टावर शर्ट. मला वर्षभर लागलं. पूर्ण जात नाही, पण ऐकता येतं.

कॅसेटी माळ्यावर असतील तर

एका पावसाळ्याने पण वाट लागते तेव्हा लवकर उतरवा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, प्लेअरच्या हेडला लागून बाकीच्यांनाही लागते, ती वेगळी ठेवा. वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे कान शाबूत असतील तर आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं पडून टेप आत चिकटलेली असते. हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. मिनिटाला साधारण दहा एमबी जातात, म्हणजे नव्वद मिनिटांची कॅसेट 900 एमबीच्या आसपास. एमपीथ्री नंतर कधीही करता येते.

आणि आवाज साफ करायच्या भानगडीत पडू नका. मी एका दुकानात पहिली खेप दिली होती, त्यांनी फार मनापासून खरखर काढून टाकली. आमच्याकडे रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली एक कॅसेट होती, नाट्यगीतं, मी सातवीत असेन. साफ केलेल्या फाइलमध्ये गाणी अगदी छान आली. मूळ कॅसेट परत आणून मी स्वतः भरली, त्यात गाणं नीट ऐकूच येत नाही, मागे कुकर चालू आहे, आणि 23 व्या मिनिटाला तिसरी शिट्टी होते आणि आई आतून ओरडते, अरे गॅस बंद कर कुणीतरी. फाइलचं नाव मी 'नाट्यगीते' बदलून 'तिसरी शिट्टी' ठेवलंय. ती कुलूपवाल्या प्लेलिस्टमध्ये आहे.