माइकचा आवाज एकाच कानात येतोय? रेकॉर्डिंग करताना या चुका टाळा

२७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, आणि नाशकात राहून मराठी भाषा दिनाला काहीच केलं नाही तर घरचेच टोमणे मारतात, म्हणून मी चार कविता वाचून रेकॉर्ड केल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकल्या. सगळ्यांचे अंगठे आले. पंचवटीतल्या काकांचा मात्र फोन आला, "अरे, नुसता बसलायस का काही बोलतोयस पण?" काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते हेडफोन लावून बसलेले आणि माझा अख्खा आवाज डावीकडेच! मी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून सोडून दिलेलं, मला कुठून कळणार.

तर मूळ चूक ही, की गाणी स्टिरिओत (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज) असतात म्हणून आपण ट्रॅकपण स्टिरिओ घेतो. पण एक माइक म्हणजे एकच सिग्नल, म्हणजे मोनो. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) असेल तर स्टिरिओ ट्रॅक इनपुट १ ला डावीकडे आणि इनपुट २ ला उजवीकडे पाठवतो, आणि २ मध्ये काहीच लावलेलं नसतं, मग उजवीकडे शांतता. ट्रॅक मोनो ठेवा, पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवायचं बटण) मधोमध ठेवा, आवाज आपोआप दोन्ही कानांत सारखा येतो. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग चॅनल १ म्हणजे मोनो निवडा, रीपरमध्ये ट्रॅकच्या इनपुटवर जाऊन मोनोखालचं इनपुट १ घ्या. आणि माइक इंटरफेसच्या पहिल्याच भोकात लावा, कारण मोनो केलं की ऑडॅसिटी सहसा पहिलाच चॅनल उचलतं, माइक दुसऱ्यात असला तर तासभर बोलून हाती सरळ रेघ येते.

रेकॉर्डिंग आधीच झालं असेल तर परत बोलत बसू नका. पण ऑडॅसिटीत इथे लोक एक घोळ घालतात, "मिक्स स्टिरिओ डाऊन टू मोनो" दाबतात. त्यात दोन्ही बाजूंची सरासरी निघते, एक बाजू रिकामी असल्यामुळे आवाज निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबल खाली, मग तो परत वाढवत बसावं लागतं. त्यापेक्षा ट्रॅकच्या मेनूतून "स्प्लिट स्टिरिओ टू मोनो" करा आणि रिकामा ट्रॅक उडवा. शेजारीच "स्प्लिट स्टिरिओ ट्रॅक" असंही आहे, ते नको, त्यात ट्रॅक वेगळे होतात पण डावा डावीकडेच राहतो. रीपरवाल्यांनी आयटमच्या (रेकॉर्ड झालेल्या तुकड्याच्या) प्रॉपर्टीजमध्ये चॅनल मोड मोनो लेफ्ट केला की विषय संपला.

काहीजण मोनो ट्रॅकची कॉपी करतात, एक पूर्ण डावीकडे एक पूर्ण उजवीकडे, आणि म्हणतात बघ स्टिरिओ झालं. काही नाही झालं राव, दोन्हीकडे तेच असलं की कानाला ते मधूनच ऐकू येतं, फक्त जरा मोठं. मग कोणीतरी सांगतं एक कॉपी १०-२० मिलिसेकंद मागे सरकव. हेडफोनमध्ये भारी वाटतं, पण एका स्पीकरच्या फोनवर दोन्ही कॉपी एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला हे करूच नका.

सगळ्यात जास्त डोकं माझं एका केबलने खाल्लं. एमजी रोडवरून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) टू साडेतीन एमएमची (हेडफोनसारखी) पिन आणली, माइक थेट कॅमेऱ्याला लावला, दोन्ही कानांत आवाज येतोय म्हणून खूश, फक्त डोक्याच्या मागून बोलल्यासारखा पोकळ वाटत होता. तेच रेकॉर्डिंग फोनच्या स्पीकरवर वाजवलं तर आवाज जवळजवळ गायबच. कारण असं, की एक्सएलआरसारख्या बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांवरून जातो, एक सरळ आणि एक उलटा, आणि स्टिरिओ सॉकेटने सरळ तो डावा आणि उलटा तो उजवा धरला, दोन्हींची बेरीज झाली की शून्य. असं रेकॉर्डिंग हातात असेल तर उजवा चॅनल फेकून डावा मोनो करा, आणि पिन बदला.

ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये लाइव्ह करणाऱ्यांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकसमोर मोनोची टिक आहे, ती लावल्यावर आवाज खाली येतो, तेवढा वाढवून घ्या.

चेक करताना हेडफोनचा एकेक कान काढून ऐका. त्याआधी विंडोज नाहीतर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" चालू नाही ना ते बघा, ते चालू असलं की सगळंच दोन्ही कानांत ऐकू येतं आणि चूक झाकली जाते. एक्सपोर्टपण मोनोत करा, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण ५ एमबी होते, स्टिरिओत १०, त्यात जास्तीचं काहीच नसतं.

दोन माइक, दोन माणसं असतील तरी दोन वेगळे मोनो ट्रॅकच, नाहीतर पाहुणा एका कानात आणि तुम्ही दुसऱ्यात. स्टिरिओ खरा लागतो तो नाशिक ढोलाला. पथकासमोर दोन माइक, एक डावीकडे पॅन, एक उजवीकडे, गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) दोन्हीचा सारखा, मग कुठला ढोल कुठून वाजतोय ते डोळे मिटून सांगता येतं.