मिनिएचरचे खेळ कॉम्प्युटरवर आणताना या चुका टाळा

टेबलावरचा मिनिएचरचा खेळ, म्हणजे छोट्या आकृत्यांचं सैन्य इंच मोजत हलवून खेळायची लढाई, कॉम्प्युटरवर आणायचा ठरलं की बहुतेक जण आधी देखणी मॉडेलं शोधायला बसतात. रंगवलेला सेनापती, झेंडेकरी, पडका मनोरा. त्यात सगळा उत्साह खर्च होतो आणि पहिल्याच सामन्यात दुसऱ्या पाळीला वाद सुरू होतो: हा इथून तिथे पोहोचतो की नाही? या खेळांचा जीव अंतरात आहे. इंच चुकले की बाकी सगळी सजावट फुकट.

चूक पहिली: डोळ्याने माप ठरवणं

सगळ्यात जास्त सामने मी याच चुकीमुळे बुडताना पाहिले आहेत, त्यामुळे हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

टेबलटॉप सिम्युलेटर या थ्रीडी टेबल मांडून खेळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक एकक म्हणजे एक इंच. पण थ्रीडी मॉडेल बनवणारा मिलिमीटरमध्ये काम करतो, दुसरा सेंटिमीटरमध्ये, तिसरा कशातच नाही. फाइल आत आणली की शिपाई कधी घराएवढा येतो, कधी मुंगीएवढा. मग माणूस त्याला लहानमोठा करत बसतो आणि ‘ठीक दिसतोय’ वाटलं की थांबतो. हे ‘ठीक दिसतोय’च घात करतं.

आमच्या गटातल्या एकाने मोठ्या हौसेने एक अख्खी लढाई उभी केली होती. पडक्या इमारती, गल्ल्या, पूल, सगळं. त्याचे शिपाई ३२ मिलिमीटरच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, असायला हवे होते, पण डोळ्याने मोजल्यामुळे बेस ४० च्या आसपास गेला होता. इमारती दुसरीकडून आणलेल्या, त्यांचं माप बरोबर होतं. दीड इंची गल्ली म्हणजे ३८ मिलिमीटर. खऱ्या टेबलावर ३२ चा बेस तिच्यातून सहज जातो. इथे एकही शिपाई आत शिरेना. दहा जणांची तुकडी खेटून रांगेत लावली की ३२ सेंटिमीटरच्या जागी ४० सेंटिमीटर जागा खायची, म्हणजे तीन इंचांहून जास्त फरक. सेनापतीच्या सहा इंचांच्या प्रभावक्षेत्रातून रांगेचं टोक बाहेर पडू लागलं. समोरच्या खेळाडूला वाटलं, नियमांचा चुकीचा अर्थ लावला जातोय. यजमानाला वाटलं, समोरचा मुद्दाम अडवतोय. अर्धी रात्र नियमपुस्तक उघडून दोघे भांडले आणि बेस मोजून पाहायचं कुणालाच सुचलं नाही. तो सामना पुरा झाला नाही आणि ते दोघे पुढे बराच काळ एकमेकांशी खेळले नाहीत.

माझी सवय अशी: कुठलंही मॉडेल आणण्याआधी एक साधी चकती बनवायची, बरोबर बेसच्या मापाची. २५ मिलिमीटर म्हणजे ०.९८ इंच, ३२ म्हणजे १.२६, ४० म्हणजे १.५७. ही चकती टेबलावर ठेवून कुलूपबंद करायची, म्हणजे धक्क्याने हलत नाही, आणि प्रत्येक नवं मॉडेल तिच्यावर उभं करून माप जुळवायचं. आकृती थोडी ठेंगणी किंवा उंच दिसली तरी चालेल, बेस चुकता कामा नये. इमारतींसाठी सहा इंची पट्टी तशीच ठेवून द्यायची.

व्हॅसलसारख्या सॉफ्टवेअरच्या वरून दिसणाऱ्या सपाट नकाशावर हेच काम पिक्सेलमध्ये करायचं. आधी एका इंचाला किती पिक्सेल ते ठरवा. ५० धरले तर चार फुटी चौरस मैदान २४०० गुणिले २४०० पिक्सेलचं होतं आणि २५ मिलिमीटरचा बेस ४९ पिक्सेलचा. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. डीबीएसारखा (प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचा) खेळ निवडलात तर काम सोपं होतं: त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत अंतरं बेसच्या रुंदीतच मोजतात, म्हणून सगळे बेस एका रुंदीचे ठेवले आणि मैदान त्याच प्रमाणात घेतलं की झालं.

चूक दुसरी: मध्यापासून मोजणं

सॉफ्टवेअरला वस्तूचा मध्य माहीत असतो. नियमांत सहसा बेसच्या कडेपासून कडेपर्यंत मोजतात. कुणीतरी घाईने दोन मॉडेलांमधलं अंतर काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहितो, ती मध्य ते मध्य मोजते आणि सगळे तिच्यावर विश्वास ठेवतात, कारण आकडा दशांशात येतो. ३२ च्या दोन बेसांमध्ये हा फरक सव्वा इंचाचा आहे. दोन फाशांच्या बेरजेइतके इंच धावून चढाई करायच्या खेळात सात किंवा जास्त पडण्याची शक्यता ५८ टक्के, आठ किंवा जास्तची ४२. म्हणजे एका इंचाने चढाईचा कौल फिरतो. स्क्रिप्ट वापरायची तर दोन्ही बेसांच्या त्रिज्या वजा करा, नाहीतर माउसने कडेपासून कडेपर्यंत रेघ ओढा. मी अजूनही रेघच ओढतो. ती दोघांनाही दिसते.

चूक तिसरी: भौतिकीला मोकाट सोडणं

गुरुत्वाकर्षण आणि टक्कर या गोष्टी फासे टाकताना छान वाटतात, सैन्य हलवताना छळतात. एक शिपाई उतारावर ठेवला की घसरतो, शेजाऱ्याला धक्का देतो आणि पाळीभर मोजून लावलेली रांग विस्कटते. खऱ्या टेबलावर ‘हा इथे कड्यावर उभा आहे असं धरू’ म्हणून मॉडेल खाली ठेवता येतं. कॉम्प्युटर ‘असं धरू’ मानत नाही.

म्हणून भूभाग पहिल्या मिनिटाला कुलूपबंद करा. इमारतींच्या मजल्यांवर अदृश्य सपाट फरशी घाला. टेकड्या उताराच्या नकोत, पायऱ्यांच्या करा. दिसायला कमी सुंदर, पण खेळता येतात.

‘मॉडेलं एकमेकांना खेटतच नाहीत’ ही तक्रारही इथलीच. टेबलटॉप सिम्युलेटरमध्ये मॉडेलला टकरीसाठी वेगळा आकार दिला नाही, तर त्याच्याभोवती आपोआप एक अदृश्य पेटी तयार होते. शिपायाने तलवार पुढे काढलेली असेल तर पेटी तलवारीच्या टोकापर्यंत जाते आणि शेजारचा बेस तिथेच अडतो. उपाय सोपा आहे: टकरीचा आकार म्हणून फक्त बेसची चकती द्या. तलवार दुसऱ्याच्या ढालीतून आरपार गेलेली दिसेल, दिसू द्या.

चूक चौथी: नियम पाठ होण्याआधी स्क्रिप्ट

नवख्यांची अधीरता इथे सगळ्यात जास्त दिसते. एकही सामना न खेळता जखमा मोजणारी, फासे टाकणारी, मनोधैर्य तपासणारी यंत्रणा बांधायला घेतात. नियमातला अपवाद समोर आला की यंत्रणा चुकीचं उत्तर देते, आणि नियम कुणालाच नीट माहीत नसल्याने चूक पकडलीही जात नाही. आधी सगळं हाताने खेळा. ज्या कामाचा तिसऱ्या-चौथ्या सामन्यात कंटाळा येईल, तेवढ्यालाच स्क्रिप्ट लिहा. माझ्या अनुभवात ती दोनच निघतात: एकदम वीस-तीस फासे टाकून निकाल मांडणं आणि निवडलेल्या मॉडेलभोवती ठरलेल्या इंचांचं वर्तुळ दाखवणं.

थोडक्यात आणखी काही

‘माझ्याकडे दिसतंय, त्याच्याकडे पांढरं दिसतंय’: चित्र किंवा मॉडेल ज्या दुव्यावर होतं तो मेला आहे आणि तुमच्या मशीनवर जुनी प्रत साठलेली आहे. फाइल स्टीम क्लाउड या ऑनलाइन साठवणीवर चढवून नवा दुवा द्या. सामन्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मशीनवरून टेबल उघडून बघा.

प्रत्येक पाळीनंतर नव्या नावाने सेव्ह करा. जुन्या सेव्हवर नवा चढवू नका.

दृष्टिरेषेचा, म्हणजे कुणाला कोण दिसतंय याचा, वाद कॅमेरा मॉडेलच्या डोळ्याशी नेऊन सुटत नाही, कारण कॅमेरा भिंतीतही शिरतो. प्रत्येक बेसवर ठरावीक उंचीचं नळकांडं आहे असं सामन्याआधी दोघांनी कबूल करा.

शंभर मॉडेलांचं सैन्य पहिल्याच खेपेला नको. हाताने पाच शिपाई एकदम सरकतात, माउसने एकेक नेमका ठेवावा लागतो. दहा-बारा मॉडेलांची चकमक घ्या.

दुसऱ्याने मेहनतीने घडवलेलं मॉडेल विनापरवाना उचलू नका. ‘सगळेच करतात’ हे मला पटत नाही.

आणि एक चूक उलट्या बाजूची: कॉम्प्युटर जे टेबलापेक्षा चांगलं करतो, ते न वापरणं. १८२४ च्या, प्रशियन अधिकारी राइसवित्झच्या क्रीगस्पील या युद्धखेळात शत्रूच्या नजरेत आलेल्या तुकड्याच नकाशावर मांडत, आणि त्यासाठी पंच लागे. टेबलावर ही लपवाछपवी इतकी किचकट होते की आजचे बहुतेक खेळ ती टाळतात. कॉम्प्युटरवर मात्र एका रंगाच्या खेळाडूलाच दिसेल असा लपवलेला भाग काही क्लिकमध्ये तयार होतो. दबा धरून बसलेली तुकडी त्यात ठेवा. समोरच्याने जंगलाच्या कडेला पाऊल टाकलं की बाहेर काढा, आणि ती जागा आधीच ठरलेली होती हे दाखवायला सामन्याच्या सुरुवातीचा सेव्ह जपून ठेवा.