कर्णबधिर मुलांसाठी मराठी सबटायटल्स कशी तयार करावीत

मराठी वाहिन्यांवरचे बहुतेक कार्यक्रम आजही सबटायटल्सविना लागतात. त्यामुळे घरातले सगळे हसत असताना कर्णबधिर मूल शेजारच्याला "काय झालं?" असे विचारत राहते आणि त्याला "नंतर सांगतो" हे ठरलेले उत्तर मिळते. वाहिन्या जागे होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. साधा संगणक आणि मोफत मिळणारी प्रणाली यांवर घरी किंवा शाळेत हे काम चांगल्या प्रकारे करता येते.

कायद्याची शंका आधी दूर करतो. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार अपंग व्यक्तीच्या खासगी वापरासाठी किंवा शिक्षणासाठी कलाकृतीची सुगम प्रत, म्हणजे तिला वापरता येईल अशा रूपातली प्रत, करून देता येते. अशी प्रत विकू नये आणि सर्वांसाठी इंटरनेटवर चढवूही नये.

पहिली पायरी मूल ओळखण्याची आहे. जे मूल अजून सलग वाचत नाही, त्याच्यासाठी सबटायटल्सचा खटाटोप करू नये. त्याला भारतीय सांकेतिक भाषेतले कार्यक्रम दाखवावेत. केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या या शैक्षणिक उपक्रमातली ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून याच भाषेला वाहिलेली आहे. शाळेने स्वतः सांकेतिक भाषेतले चित्रण केले, तर दुभाष्याला पडद्याच्या कोपऱ्यात तिकिटाएवढ्या चौकटीत कोंबू नये. या भाषेचे व्याकरण हातांइतकेच चेहऱ्यावर आणि भुवयांवर चालते, आणि ते इतक्या लहान चौकटीत दिसत नाही.

दुसरी पायरी म्हणजे संवाद उतरवून घेणे. बोलणे ऐकून मजकूर उतरवणाऱ्या संगणक प्रणालीकडून मसुदा काढून घेतल्यास टंकलेखनाचे श्रम वाचतात; मात्र त्यात बोलणारा कोण, वाक्य कुठे संपले आणि मागे कसला आवाज झाला यांतल्या कशाचाच भरवसा नसतो, म्हणून तो मुलांपुढे जसाच्या तसा कधीही ठेवू नये.

तिसऱ्या पायरीवर, म्हणजे संवादांचे सबटायटल करताना, मी सर्वांत जास्त झगडलो, आणि सर्वांत वाईट सल्लेही इथेच मिळतात. "शब्द न् शब्द लिहा" असे काही जण सांगतात. मालिकेतली माणसे ज्या वेगाने बोलतात त्या वेगाने दहा वर्षांचे मूल वाचू शकत नाही आणि वाचण्याच्या धडपडीत चित्र पाहायचे राहून जाते. दुसरा सल्ला याहून घातक आहे: "या मुलांना भाषा कमी येते, सोपे करून लिहा." समजा, आजी नातवाला म्हणते, "अरे, मी तुला किती वेळा सांगितलं, त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसत जाऊ नकोस म्हणून!" हे एवढे वाक्य पडद्यावर मावत नाही. सोपे करणारा माणूस "विहिरीवर जाऊ नको" असे लिहून मोकळा होतो. त्यात सूचना उरते, पण आजी उरत नाही. मी "कितीदा सांगितलं तुला, विहिरीच्या काठावर बसू नकोस!" असे लिहीन. हा मुलगा पूर्वीही तिथे गेला होता, हे "कितीदा" या शब्दातून कळते आणि आजीचा रागही त्यातूनच कळतो. ऐकणाऱ्या मुलाला तो राग आवाजातून मिळतो. कर्णबधिर मुलाला तो शब्दांतूनच द्यावा लागतो. म्हणून काटछाट करताना "बरं का", "म्हणजे", "अरे ऐक ना" अशी भर आधी काढावी आणि नाते, राग, लाडीगोडी किंवा टोमणा दाखवणाऱ्या शब्दाला हात लावू नये. अवघड शब्द तर मुद्दाम ठेवावा, कारण असे शब्द मुलाला सहज भेटण्याच्या जागा मुळातच थोड्या असतात.

वाक्य कुठे तोडायचे याकडेही तितकेच लक्ष हवे. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. "मी उद्या तुमच्याबरोबर सहलीला येणार" इथे एक सबटायटल संपवून "नाही" हा शब्द पुढच्यात टाकला, तर मूल आधी हसते आणि मग गोंधळते. वाक्य लांब असेल तर ते तोडण्यापेक्षा त्याची दोन पूर्ण वाक्ये करावीत.

आवाजांच्या नोंदीत लोक फार आळस करतात. कंसात नुसते "संगीत" लिहिण्याने काहीही साधत नाही. ते संगीत भीतीचे आहे की लग्नातल्या सनईचे, ते लिहावे. पडद्यावर दिसत नाही पण ज्यामुळे कोणी काही करते, असा आवाज कधीही सोडू नये. खेळणारा मुलगा अचानक उठून स्वयंपाकघराकडे धावतो, कारण आईने लक्ष ठेवायला सांगितलेल्या कुकरची तिसरी शिट्टी झालेली असते; ती नोंद नसेल तर पाहणाऱ्या मुलाला तो विनाकारण पळालेला दिसतो. उलट पंख्याची घरघर लिहून पडदा भरू नये. बोलणारा चौकटीबाहेर असेल तर संवादाआधी "आजी:" असे नाव द्यावे.

वेळ जुळवण्यासाठी सबटायटल एडिट ही मोफत प्रणाली पुरेशी आहे. एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत पाच-सहा शब्द आणि भरलेल्या दोन ओळींना निदान चार-पाच सेकंद, हे प्रमाण मी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी पाळतो. पात्राने तोंड उघडण्याआधी सबटायटल येता कामा नये, विशेषतः विनोदात आणि रहस्यात.

पेन ड्राइव्हवर वेगळी सबटायटल फाइल देऊन भागेल असे समजू नये. अनेक टीव्ही संच देवनागरी जोडाक्षरे फोडून दाखवतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापाशी नेऊन ठेवतात. हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीने सबटायटल्स चित्रावरच कायमची उमटवून घ्यावीत. टंक (फॉन्ट) 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' असा ठसठशीत असावा, अक्षरे काळ्या पट्टीवर पांढरी असावीत, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडू नयेत इतके अंतर ओळींमध्ये ठेवावे.

यानंतर स्वतः आवाज बंद करून सर्व भाग पाहावा आणि मग मुलांना दाखवावा. त्यांना "समजलं का?" असे विचारू नये, मुले मान डोलावतात. "तो मुलगा का पळाला?", "आजी का चिडली?" असे विचारावे. दोघातिघांचे उत्तर एकाच जागी अडले, तर तिथले सबटायटल पुन्हा लिहावे.

वाहिन्यांकडे मागणी चालूच ठेवावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी सबटायटल्स आणि सांकेतिक भाषा यांची तरतूद आहे. टीव्ही कार्यक्रमांसाठीची सुगमता मानकेही माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ साली जाहीर केलेली आहेत. पत्रात या दोन्हींचा उल्लेख करून कार्यक्रमाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी. मागणी मराठी संवादांच्या मराठी सबटायटल्सचीच असावी. मराठी कार्यक्रमाला इंग्रजी सबटायटल्स जोडून जबाबदारी पार पाडली असे सांगण्यात येते, तेव्हा ते मान्य करू नये, कारण मराठी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या कर्णबधिर मुलाला ती वाचता येत नाहीत.